प्रोस्टेटचं ऑपरेशन: रोबो, दुर्बीण की उघडं? कुडाळहून आप्पांना कुठे न्यावं?

कर्लीकाठ

एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते, आज दुसऱ्याच कामासाठी आलेय. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचे आप्पा ६८ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. बीपीची एक गोळी सोडली तर दुखणं म्हणून नाही, माडांना आळी अजून स्वतः काढतात. रात्री लघवीला सारखं उठावं लागायचं म्हणून डॉक्टरांनी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करायला लावली, ती ११.२ आली. पुढे एमआरआय, बायोप्सी सगळं रीतसर झालं. प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीचा कॅन्सर, ग्लीसन ३+४ (कॅन्सर किती जोराचा त्याचा आकडा, बेरीज ७). पीएसएमए पेट स्कॅनमध्ये तो प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला दिसत नाही, एवढाच काय तो दिलासा.

कोल्हापूरचे युरॉलॉजिस्ट म्हणतात, दुर्बिणीने काढू, मी स्वतः करतो. मावसभावाने मुंबईत एका डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले, ते म्हणतात रोबोने करा. खर्चात दोनेक लाखांचा फरक. शेजारच्या काकांचं उघडं ऑपरेशन झालं होतं, ते म्हणतात मला काय झालंय? आई विचारते, "मुंबयक गेलव तर रवतलव खंय?" आणि आप्पांचं एकच, "माका मशिनीच्या हातात दिव नकात."

दोन लाख जास्त देऊन नेमकं काय मिळतं? आणि कोकणातून जाणाऱ्यांनी कशाकशाची तयारी ठेवावी? अनुभव असलेल्यांनी लिहा, प्लीज.

रापणकर

रोबो म्हंजे बिल वाढवची मशीन. होडयेक नवा इंजिन घातला म्हणान बांगडो आपोआप जाळ्यात येणा नाय. हात कोणाचो तां बघा. कोल्हापूर जवळ, घाट चढलो की झाला. माझा मत.

ओटीताई

मूळची चिपळूणची, मुंबईत ओटीत सिस्टर आहे. रोबोची लिस्ट असते त्या दिवशी माझी ड्युटी तिथेच लागते. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका.

आधी आप्पांसाठी. ते मशीन आपणहून काहीही करत नाही. पेशंटच्या बाजूला चार हातांची गाडी, शेजारी स्क्रीनचा टॉवर, आणि त्याच खोलीत थोडं लांब कन्सोल. सर्जन कन्सोलवर बसतो. आमचे सर बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसतात, कारण खाली पेडल असतात, कॅमेऱ्याचं वेगळं, रक्तवाहिनी जाळायचं वेगळं, आणि कुठल्या पेडलवर पाय आहे ते न बघता तळव्याला कळावं लागतं. कपाळ टेकवून दोन भिंगांतून आत बघायचं, बोटं कड्यांत अडकवायची. सरांची बोटं जेवढी हलतील तेवढंच आतलं हत्यार हलतं. डोकं टेकवायच्या जागी सेन्सर असतो, डोकं मागे घेतलं की आतले हात जागच्या जागी थांबतात. एकदा बघितलं की मशिनीची भीती जाते.

पेशंटला भूल दिली की डोळ्यांवर पट्ट्या, हात अंगालगत, आणि टेबल डोक्याकडून चांगलं पंचवीस-तीस अंश खाली. त्यामुळे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोटात जागा होते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. बेंबीच्या रेषेत आडवी भोकं पाडतात, रोबोच्या हातांसाठीची ८ मिलिमीटरची. त्या चारी हातांना पारदर्शक प्लास्टिकचे झगे घालणं हे आमचं काम, एक जरी कुठे घासला तर परत नवा. मग गाडी आणून हात भोकांना जोडायचे, त्याला डॉकिंग म्हणतात. म्हणजे ऑपरेशनला नेलं आणि लगेच सुरू झालं असं नसतं. बाहेर नातेवाईक घड्याळ बघून कासावीस होतात, म्हणून सांगितलं. शेवटी प्रोस्टेट एका पिशवीत घालतात आणि बेंबीजवळचं भोक थोडं मोठं करून बाहेर काढतात.

बाहेर आणल्यावर आप्पांचं तोंड आणि पापण्या सुजलेल्या दिसतील. इतका वेळ डोकं खाली असतं ना. उतरते ती सूज.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा, सहसा कुणी विचारत नाही: पेशंटजवळ उभा राहणारा असिस्टंट कोण असतो? कन्सोलवरचा सर्जन पेशंटला हात लावत नाही. सक्शन, क्लिपा, हत्यारं बदलणं हे बाजूचा माणूस करतो. आणि रक्तस्राव आटोक्याबाहेर गेला तर रोबो सोडवून पोट उघडायचं, ते पहिल्यांदा त्यालाच सुरू करावं लागतं. आमच्याकडे त्याची तालीम होते. क्वचितच लागतं, पण तालीम हवी.

रापणकर

बूट काढून बसतंत ह्या माका म्हायत नाय होता. बरा लिवलास गो ताय.

घाटमाथा

मी युरॉलॉजिस्ट आहे. दुर्बिणीने करतो, रोबोवरही शिकलो आहे, पण माझ्या गावात रोबो नाही. त्यामुळे कुणाची जाहिरात करायची मला गरज नाही. आप्पांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून वाचा.

प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रनलिकेचं टोक परत एकमेकांना शिवावं लागतं. ही शिलाई जांघेच्या हाडाच्या मागे, खोल खड्ड्यात, चहूबाजूंनी करायची असते. दुर्बिणीची हत्यारं लांब आणि सरळ, त्यांना मनगट नसतं, आणि बाहेर हात उजवीकडे नेला तर आत टोक डावीकडे जातं. ते शिकायला वर्षं जातात. अमेरिकेत शुस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीने नऊ प्रोस्टेट काढून बघितली. एकेकाला सरासरी नऊ तासांहून जास्त लागले, आणि १९९७ साली त्यांनी लिहून टाकलं की उघड्या ऑपरेशनपेक्षा यात फायदा दिसत नाही. त्यानंतर लगेच पॅरिसच्या मोंसुरी संस्थेतल्या सर्जननी तेच ऑपरेशन घोटून घोटून बसवलं, तेव्हा कुठे ते जगभर गेलं. किडनी त्याआधीच निघाली होती: १९९० साली सेंट लुईसला राल्फ क्लेमननी ८५ वर्षांच्या बाईंची किडनी दुर्बिणीतून काढली.

रोबोने काय दिलं? हत्याराच्या टोकाला मनगट, खोली दाखवणारं मोठं चित्र, हाताची थरथर गाळून टाकणं. ती खड्ड्यातली शिलाई माणसाच्या आवाक्यात आली. डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात डॉ. मणी मेननांनी २००० च्या सुमारास हे ऑपरेशन रोबोवर नियमित सुरू केलं. ते मूळचे केरळचे, शिक्षण पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये. आज जगात जिथे जिथे रोबोने प्रोस्टेट काढतात तिथे त्यांच्या पद्धतीची छाप असतेच.

रोबोची एक खोट म्हणजे स्पर्श. दा विंची नावाच्या रोबोच्या बहुतेक मशिनींवर सर्जनला ऊती किती ताणली गेलीय ते बोटांना कळत नाही, दोरा किती घट्ट झाला ते डोळ्यांनी ओळखावं लागतं. २०२४ मध्ये आलेल्या दा विंची ५ मध्ये दाब कळणारी हत्यारं आली आहेत.

आता दोन लाखांचं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांमध्ये रोबो विरुद्ध उघडं अशी चिठ्ठ्या टाकून तुलना केली होती, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आली. रोबोच्या गटात रक्त कमी गेलं, लोक लवकर घरी गेले. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारखीच, आणि दोन वर्षांनी बघितलं तरी सारखीच. जर्मनीत रोबो विरुद्ध दुर्बीण अशी तुलना झाली. तीन महिन्यांनी लघवीवर ताबा आलेले रोबोत ५४ टक्के, दुर्बिणीत ४६ टक्के. म्हणजे फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही.

हर्णैबंदर

घाटमाथा डॉक्टर, ब्रिस्बेनचं वाचून मी पण माझ्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, त्यात उघडं करणारे सर्जन दीड हजार ऑपरेशनं केलेले आणि रोबोवाले तरुण, दोनशेच केलेले. खरं का?

घाटमाथा

खरं आहे. आणि त्याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. एक म्हणतो, बघा, जुना हात असला की रोबो लागत नाही. दुसरा म्हणतो, बघा, दीड हजारवाल्याची बरोबरी दोनशेवाल्याने केली ती रोबोमुळे. मला दोन्ही पटतं. पेशंटने त्यातून एवढंच घ्यावं की दोघांचेही आकडे शेकड्यात होते. उघड्या ऑपरेशनच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, कॅन्सर परत येण्याचं प्रमाण सर्जनच्या पहिल्या अडीचशे ऑपरेशनांपर्यंत उतरत जातं आणि मग स्थिरावतं असं दिसलं होतं.

म्हणून कर्लीकाठ, दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न सरळ विचारा: "प्रोस्टेटच्या कॅन्सरचं हे ऑपरेशन तुम्ही गेल्या वर्षभरात किती केलंत?" खडे किती काढले ते नाही, प्रोस्टेटच्या वाढीची लेसर किती केली ते नाही. हेच ऑपरेशन. चांगला सर्जन रागावत नाही.

सुरंगी

+१. यात आमची भर.

माझ्या दिराला उजव्या किडनीत साडेतीन सेंटीमीटरची गाठ निघाली होती, सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केली तेव्हा. जवळच्या शहरातल्या एका हॉस्पिटलने (नाव लिहीत नाही) अख्खी किडनी काढायची तारीखच देऊन टाकली. दुसरी किडनी चांगली आहे, एकावर माणूस जगतो, म्हणाले. आम्ही दुसरीकडे विचारलं तेव्हा कळलं की चार सेंटीमीटरच्या आतली गाठ असेल तर शक्यतो तेवढाच भाग काढून किडनी वाचवतात. त्याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. पुण्यात रोबोने झाली. त्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: किडनीची शीर चिमट्याने बंद करायची, गाठ कापायची, खड्डा शिवायचा, शीर सोडायची. बंद ठेवायची ती शक्यतो पंचवीस-तीस मिनिटांच्या आत, नाहीतर किडनीला इजा. इथे भराभर शिवायला रोबोचं मनगट कामाला येतं म्हणाले. दीर शिमग्याला पालखीपुढे नाचला.

पण आमची तक्रार त्या पहिल्या ठिकाणाबद्दल वेगळीच आहे. ओपीडीत ज्यांना भेटलो ते मोठे डॉक्टर, आणि फॉर्मवर ऑपरेशन करणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचंच नाव. विचारलं तर "टीम असते". फॉर्म नीट वाचा गो बाई, सही करायच्या आधी. कन्सोलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण बसणार ते तोंडावर विचारा.

घाटमाथा

अगदी. शिकणारे डॉक्टर काही टप्पे करतात, त्यात गैर काही नाही, सगळे तसेच शिकले. पण पेशंटला माहीत हवं. डिग्री बघायची तर एमसीएच किंवा डीएनबी युरॉलॉजी, नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत सापडतं. रोबोची कंपनी देते ते प्रमाणपत्र मशीन चालवता येण्याचं असतं, त्याला फेलोशिप समजू नका. फेलोशिप म्हणजे महिनोन्‌महिने एखाद्या मोठ्या केंद्रात राहून शिकणं.

मिठागर

अवांतर आहे पण विचारतो. मला दरवर्षी मे महिन्यात मुतखडा होतो, आता साडेआठ मिलिमीटरचा आहे. त्यालाही रोबो असतो का?

रापणकर

तुका रोबो नको, पाणी पी मेल्या.

घाटमाथा

रापणकरांशी सहमत. उन्हात घाम जातो, लघवी घट्ट होते, खडा धरतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी एवढं पाणी. आताच्या खड्याला तो कुठे बसलाय त्यावर बाहेरून लाटांनी फोडणं, मूत्रमार्गातून लवचीक दुर्बीण घालून लेसर, किंवा मोठा असेल तर पाठीतून छोटं भोक, यांतलं काहीतरी. पोटात भोकं पाडणारा रोबो लागत नाही.

लेसर केलीत तर आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, ठेवतील. तो काढायची तारीख फ्रिजवर लिहून चिकटवा. काढायला परत न गेलेले, मुंबईला ऑपरेशन करून गावी आले आणि विसरले असे पेशंट आमच्याकडे वर्षांनी येतात, स्टेंटवरच खड्यांचा थर चढलेला असतो. मग एका खड्याच्या जागी तीन ऑपरेशनं.

मिठागर

बापरे. धन्यवाद. मूळ विषय चालू ठेवा.

हर्णैबंदर

आता माझं. मागच्या पावसाळ्याआधी माझं रोबोने प्रोस्टेट काढलं, मुंबईत. वय ६३. ऑपरेशन छान झालं, तिसऱ्या दिवशी चालत बाहेर पडलो. सगळे तेवढंच सांगतात, रोबो, छोटी भोकं, लवकर घरी. घर दापोली तालुक्यात आहे हे कुणाच्या डोक्यात नसतं.

कॅथेटर (लघवीची नळी) होता, तो साधारण आठवडा-दहा दिवस ठेवतात. मी लवकर घरी जायचा हट्ट धरला आणि खाजगी गाडीने आलो. हायवेचं काय सांगायचं, महाडच्या पुढे पिशवी हातात धरून बसलो होतो. गावी आल्यावर दुसऱ्या रात्री कॅथेटर बंद. ओटीपोट फुगलं, कळा येऊ लागल्या. मुलाने गावातल्या डॉक्टरांना उठवून आणलं. चांगला माणूस, रात्री दीड वाजता आला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, गुठळी अडकलीय, हा काढून नवा घालतो.

मुलाला डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहिलेलं आठवलं. कॅथेटर काढू नये, बदलू नये, आधी फोन करावा. फोन केला. मुंबईचे सर जागे झाले आणि गावातल्या डॉक्टरांशी स्पीकरवर बोलले. काढायचा नाही. निर्जंतुक सलाईन, मोठी सिरिंज, हळूच आत, हळूच बाहेर, जोर लावायचा नाही. मुलगा टॉर्च धरून उभा, मी उताणा, बायको देवाजवळ. दोन-तीनदा केल्यावर सिरिंजमध्ये काळपट गुठळी आली आणि पिशवी भरायला लागली.

सर नंतर म्हणाले, नवा कॅथेटर अंधारात घातला असता तर ताजी शिवण फाटू शकली असती.

ओटीताई

हर्णैबंदर काका, हे वेगळं लिहून सगळ्यांना पाठवायला हवं. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर सांगते पण तेव्हा गाडी खाली उभी असते, कुणाचं लक्ष नसतं. कर्लीकाठ, दोन गोष्टी मागून घ्या: गावच्या डॉक्टरांच्या नावे एक चिठ्ठी, मराठीत नाही तर इंग्रजीत का होईना, आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर. ओपीडीचा नंबर नाही. आणि घरी आल्यावर एका पायाला सूज, पोटरी दुखणं, ताप, धाप यांतलं काहीही झालं तर वाट बघायची नाही.

कर्लीकाठ

काका, वाचून अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं. तिने ताबडतोब ठरवलं, कॅथेटर निघेपर्यंत गावी यायचं नाही. रवतलव खंय हा प्रश्न तिनेच सोडवला, डोंबिवलीच्या मावशीला फोन लावून.

पैशांचं कुणी सांगेल का? आप्पांची एक जुनी पॉलिसी आहे.

पॉलिसीवाले_काका

एजंट आहे, रत्नागिरी. विकत काही नाही, थेट सांगतो.

विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली, रोबोटिक सर्जरी त्यात आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या आरोग्य पॉलिसींना लागू. म्हणजे 'रोबो आहे म्हणून देणार नाही' असं सरसकट म्हणता येत नाही. पण कंपनीला त्यावर मर्यादा घालायची मुभा आहे. पॉलिसी पाच लाखांची, आणि आत बारीक अक्षरात रोबोसाठी ठरावीक टक्केच, असं बऱ्याच ठिकाणी असतं. 'सब-लिमिट' शब्द शोधा. प्रोस्टेटच्या वाढीची लेसर पण त्याच यादीत आहे, तिथेही तेच बघा.

हॉस्पिटलकडून अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात रोबोचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. ती हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात, मग मशीनच ती नाकारतं, म्हणून त्यांचा खर्च पेशंटवर येतो. सरकारच्या महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे, पण आपलं ऑपरेशन आणि आपलं हॉस्पिटल दोन्ही यादीत आहे का ते आरोग्यमित्राकडून (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) लिहून घ्या. 'होईल हो' यावर जाऊ नका.

रापणकर

टाटात पण रोबो आसा ना? थंय सोस्त पडात.

ओटीताई

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे, हो. गर्दी मात्र देशभरातली. रिपोर्ट घेऊन नाव घालून ठेवायला काहीच हरकत नाही.

घाटमाथा

एक गोष्ट राहिली, आणि आम्हा सर्जन लोकांकडून ती बहुधा राहतेच. आप्पांनी रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटावं. ६८ वय, ग्लीसन ७, आजार आतच, याला रेडिएशन हा बरोबरीचा पर्याय आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना नुसती देखरेख, ऑपरेशन किंवा रेडिएशन असे चिठ्ठ्या टाकून वाटले होते. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले तीन टक्क्यांच्या आसपासच. त्यात आप्पांपेक्षा सौम्य आजाराचे लोक जास्त होते हे लक्षात घ्या, पण घाई करून ऑपरेशन उरकायचं काही कारण नाही एवढं त्यातून नक्की कळतं. बायोप्सीनंतर सहा आठवडे तरी बहुतेक सर्जन थांबतातच.

रेडिएशनमध्ये भूल नाही, कॅथेटर नाही. पण पुष्कळ ठिकाणी वीस खेपा, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे चार आठवडे शहरात राहणं आलं, बरोबर काही महिने हार्मोनची इंजेक्शनं. लघवी गळण्याचा त्रास कमी, शौचाच्या तक्रारी जास्त. शेतात काम करणाऱ्या माणसाला कुठला त्रास चालेल, हे त्याचं त्याने ठरवायचं.

हर्णैबंदर

गळण्याचं मी लिहिलं नव्हतं, पुरुष लिहीत नाहीत. कॅथेटर काढल्यावर पहिले काही आठवडे पॅड लागले. खोकला, शिंक, नारळाची पिशवी उचलली की ओलं. दसऱ्यापर्यंत एका पातळ पॅडवर आलो, आता प्रवासापुरता ठेवतो. दुसऱ्या बाबतीत अजून गोळीची मदत लागते. नसा वाचवल्या होत्या तरी. बायकोसमोर बसून हे आधी बोलून घ्या, नंतर बोलणं अवघड होतं.

पीएसए सहा आठवड्यांनी केली, मोजता येणार नाही इतकी कमी. ती रत्नागिरीच्या लॅबमध्येच करतो आणि कागद व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यासाठी मुंबईला जायला लागत नाही.

कर्लीकाठ

अपडेट देते. तिन्हीकडे जाऊन आलो.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना तो प्रश्न विचारला. विचारताना मलाच संकोच वाटत होता. ते हसले आणि म्हणाले, "माझ्याकडे खडे आणि किडनी जास्त. हे ऑपरेशन वर्षाला दहा-बारा होतात. चांगलं करतो, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, जो आठवड्याला दोन करतो त्याच्याकडे जायला माझी ना नाही." शिवाय नंतर काही लागलं तर रात्री कधीही फोन करा, असं आपणहून म्हणाले. आप्पांना ते इतके आवडले की त्यांच्याकडेच करूया म्हणून बसले होते.

रेडिएशनच्या डॉक्टरांनी पाऊण तास दिला. आप्पांनी सगळं ऐकलं आणि चार आठवडे डोंबिवलीत रोज लोकल पकडायला साफ नकार दिला. हार्मोनची इंजेक्शनंही नको म्हणाले.

मुंबईच्या सरांनी आकडा सांगितला, कन्सोलवर शेवटपर्यंत मीच हेही सांगितलं, आणि असिस्टंट डॉक्टरांना बोलावून ओळख करून दिली. आप्पांनी त्यांना विचारलं काय, तर "बूट काढून बसता काय?" सर चपापले. मग हो म्हणाले. बाहेर आल्यावर आप्पा: "करूया."

पॉलिसीत रोबोवर मर्यादा निघालीच, अर्ध्याची. काका, तुमच्यामुळे आधी कळलं. वरचे पैसे भाऊ आणि मी मिळून घालतोय. गणपती झाले की तारीख.

रापणकर

करा करा. माझा मत मी बदललंय असा नाय हां, हात कोणाचो तांच बघलास ना शेवटाक? येताना कोकणकन्याचा खालचा बर्थ आधीच काढून ठेव, चाकरमानी परतीच्या येळाक तिकीट गावूचा नाय.

कर्लीकाठ

काढलंय, रापणकर भाऊ. कॅथेटर निघाल्यावर दोन दिवसांनीचं.

डॉक्टर, शेवटचं: तो जांघेचे स्नायू आवळायचा व्यायाम कधीपासून करायचा? सरांनी कागद दिलाय पण त्यात तारीख नाही.

घाटमाथा

आजपासून. ऑपरेशनच्या आधी शिकून ठेवला की नंतर नेमका कुठला स्नायू ते शोधत बसावं लागत नाही. लघवी मध्येच थांबवताना जो आवळला जातो तो. पोट आणि मांड्या ढिल्या, श्वास चालू. पाच-सात सेकंद आवळायचं, तेवढंच सैल सोडायचं, दिवसातून तीनदा. कॅथेटर आत असेल तेव्हा अजिबात नाही. तो निघाला की सर सांगतील त्या दिवसापासून परत सुरू.